आई गाळात आडवी झाली, तेव्हा

आमच्या आबांना कुठलीही गोष्ट नुसती बघता येत नसे. झाड दिसलं की त्यातून काहीतरी शिकायचं, मुंग्यांची रांग दिसली की थांबून शिकायचं, आणि घरातल्यांनाही ते शिकायला लावायचं. धंद्यानं ते सुतार. शाळा चौथीतच सुटलेली, पण शाळेतल्या पुस्तकांतले धडे त्यांच्या अंगात असे मुरले होते की आयुष्यभर ते जगाकडे धड्यासारखंच बघत राहिले. संध्याकाळी कामावरून आले, पाय धुतले, चहाची बशी तोंडाला लावली की प्रश्न ठरलेला, "शके, आज काय बघितलंस? आन् त्यातनं काय शिकलीस?" आम्ही माणदेशात होतो तोवर या प्रश्नाची मला कधी भीती वाटली नाही. तिथं बघण्यासारखं फार नव्हतंच. बाभळी, निवडुंग, कुसळं, उन्हानं भेगाळलेली रानं, आणि सगळ्यांचा धडा एकच. पाणी नसलं तरी उभं राहायचं. आमच्या घरामागं बांधावर एक बाभळ होती. तिच्याकडे बोट दाखवून आबा म्हणत, "हिला कोण पानी घालतंय? तरी हुबी हाय का न्हाई? वाकली का कुणाम्होरं?" मी मान डोलवायची. आई भाकरी थापता थापता हसायची. माणसानं बाभळीसारखं असावं, हे मला इतकं पटलं होतं की शाळेत बाईंनी कान धरला तरी मी ताठ उभी राहायची, आणि त्याबद्दल आणखी एक फटका खायची.

मग आबांना तारापूरजवळ, विजेच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर काम लागलं. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडाचे साचे ठोकावे लागतात, त्याला सुतार हवे होते. आमच्या भागातले कितीतरी लोक तिकडे चालले होते. आई, आबा, मी आणि आईच्या कडेवरचा आमचा नामू असे आम्ही बोईसर स्टेशनात उतरलो, सामानासकट एका ट्रकात बसलो आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका मच्छीमारांच्या गावात जाऊन पोचलो. मंजुळामावशी म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. मावशींचं माहेर मुरब्याचं. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट मुरब्याला होती आणि ती या गावाला नव्हती, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची मुलगी चंद्री माझ्याच वयाची, म्हणजे परकर-पोलकं घालायची आणि स्वतःला मोठी समजायची, त्या वयाची. आमच्या मागच्या दाराची पायरी उतरली की चार पावलं वाळू आणि मग थेट खाजण. खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथं शिरतं आणि ओहोटीला निघून जातं ती गाळाची सपाटी, कडेकडेनं तिवराची झाडं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथं पाणी होतं. आईनं भांडी घासली, मागं वळून बघितलं तर पाणी नव्हतं. ती घाबरून आत आली आणि म्हणाली, "आवं, तळं आटलं!" दुष्काळी मुलखातल्या बाईला पाणी जाताना दिसलं की काय वाटतं, हे त्या गावातल्या कुणाला कळलं नसतं. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "येल बाय, संध्याकालला परत येल," म्हणाल्या.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. समुद्राची गाज आणि त्यात मधूनच दूर खडक फोडायच्या सुरुंगांचा दणका. आईला सुरुवातीला दोन्ही एकच वाटायचं. वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले असत, आणि वारा सुटला की ते एकमेकांवर घासून वाळल्या पानांसारखे वाजत. वासाबद्दल काय सांगू! पहिले काही दिवस आई नाकाला पदर लावूनच स्वयंपाक करायची. जोंधळा मिळेना, म्हणून मावशींनी तिला तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करायला शिकवलं. ती भाकरी पांढरीशुभ्र आणि मऊ. आबा म्हणाले, "झकास हाय." आई म्हणाली, "झकास हाय, पन भाकरी न्हाई." गावाहून आणलेले हुलगे होते तोवर ती अधूनमधून त्यांच्या पिठाचं पातळ माडगं करायची. ते शिजताना खोलीत जो वास सुटायचा तेवढ्यापुरतं आपण घरी आहोत असं वाटायचं. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे डाळ शिजता शिजेना, आणि चहा प्यायला की आबा बशीकडे असं बघायचे जणू तिच्यातूनही काही शिकायचं राहून गेलं आहे.

माझी पंचाईत इथून सुरू झाली. आबांच्या संध्याकाळच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना. इथं बघण्यासारखं फार होतं आणि प्रत्येक गोष्ट वेगळंच सांगत होती. किनाऱ्यावर सुरूची झाडं होती, ती सगळी एका बाजूला कललेली, वारा येईल तशी वाकणारी. मी आबांना सांगितलं, "सुरू वाकतो म्हणून मोडत नाही." आबा खूश झाले. म्हणाले, "बरोबर. माणसानं वाकावं." मी म्हटलं, "मग बाभळ?" आबा चहा प्यायला लागले. दुसऱ्या दिवशी चंद्रीनं मला शिंपल्यांतली कालवं दाखवली, खडकाला अशी घट्ट चिकटलेली की कोयत्याच्या टोकानं फोडल्याशिवाय सुटत नाहीत. लाट येवो, ऊन येवो, जागा सोडायची नाही. त्याच दिवशी तिनं एक चिंबोरी, म्हणजे खेकडी, पायाला धरून उचलली, तर चिंबोरीनं तो पायच सोडून दिला आणि उरलेल्या पायांनी बिळात पळून गेली. चंद्रीच्या हातात नुसता पाय. "तिला दुसरा फुटतो," ती सहज म्हणाली. मी संध्याकाळी आबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. धरून ठेवणारं कालवसुद्धा जगतं आणि सोडून देणारी चिंबोरीसुद्धा जगते. मग आपण काय करायचं? आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ते त्येच्या जागी, ह्ये ह्येच्या जागी." त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही ठाऊक नाही. आपल्या बापाला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे मुलीला पहिल्यांदा कळतं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा की दुःख, हेही मला कळलं नाही.

त्या पावसाळ्यात नामू गेला. याबद्दल मी थोडंच लिहिणार आहे, कारण मला थोडंच आठवतं. ताप आला, उतरला, पुन्हा आला. रस्त्यावर पाणी होतं. आबा त्याला घोंगडीत गुंडाळून बोईसरकडे चालत गेले आणि आईही मागोमाग गेली. मला मावशींकडे ठेवलं. ते परत आले तेव्हा आईचे हात रिकामे होते, आणि ती ते तसेच पुढे धरून चालत होती, कडेवर कुणी असल्यासारखे. एवढंच. त्या दिवशी मावशींनी मला भात आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली आणि मी ती सगळी खाल्ली, हे मात्र स्पष्ट आठवतं. जेवण चवदार लागलं म्हणून मी नंतर कितीतरी दिवस गोंधळून गेले होते.

आई सुरुवातीला घरातलं सगळं करत होती. मग एकेक काम तिच्या हातून सुटत गेलं. आधी तिनं उंबऱ्यापुढचा सडा सोडला, मग वेणी घालणं, मग स्वयंपाक. पाऊस उघडला, हवा कोरडी झाली, वलांडीवर पुन्हा बोंबील चढले, आणि तोवर ती दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून, एका कुशीवर, हात उशाला घेऊन पडून राहायला लागली. झोपलेली नसायची. डोळे उघडे असायचे. मी तांदळाच्या भाकऱ्या थापायला शिकले. त्या वाकड्यातिकड्या व्हायच्या, आबा तशाच खायचे. आबांना दुःख नव्हतं असं नाही. ते कामावर जायचे, दिवसभर खिळे ठोकायचे, संध्याकाळी येऊन आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसायचे. पण त्यांना समजूत घालायची एकच रीत ठाऊक होती. "त्या तिवराकडं बघ," ते म्हणायचे, "खारं पानी, गाळ, तरी पालवतंच का न्हाई? निसर्ग काय शिकवतो? पुन्यांदा उठायचं." आई ऐकून घ्यायची. एकदाच बोलली. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "तिवराचं कुनी मेलं हुतं का?" आबा उठून बाहेर गेले. मी चुलीपाशी होते. मला वाटलं आईनं असं बोलायला नको होतं, आणि मला हेही वाटलं की हे कुणीतरी एकदा बोलायलाच हवं होतं.

पुढे मी शिक्षिका झाले, मासवणच्या बाजूला काही वर्षं शिकवलं. तिथं वर्गात एकदा 'झाडे आपल्याला काय शिकवतात' असा निबंध लिहायला द्यायची वेळ आली. मी फळ्यावर विषय लिहिला आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, झाड काय शिकवतं? ते त नुसतं उभं ऱ्हातं." मी तिला रागावले नाही. तिच्या वहीत मी काय शेरा दिला ते आता आठवत नाही, पण तो नक्कीच गुळमुळीत असणार.

थंडी पडली तेव्हा आबांनी ठरवलं की आईला माहेरी पाठवायचं. तिचा भाऊ, आमचा तात्यामामा, येऊन तिला घेऊन जाईल, ती तिथं आपल्या माणसांत राहील, बरी होईल. मी इथंच राहून आबांचं जेवणखाण बघायचं. किती दिवस, ते कुणी बोललं नाही. आईनं नकोही म्हटलं नाही आणि बरंही म्हटलं नाही. मामा येणार त्या दिवशी सकाळी मावशींनी तिला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसवलं. एवढ्या दिवसांनी तिला नीटनेटकी बघून मला धस्सच झालं. ती बोचकं मांडीशी घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसली, खाजणाकडे बघत. आबा कामावर गेले होते. दुपारी येतो म्हणाले होते. मला तिच्याशेजारी बसवेना आणि तिथून हलवेनाही. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या पाव्हण्यासाठी कालवं काढायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "चल गो पोरी, घरात बसून तू तरी काय करशील? ओहोटी हाय तवर येऊ." मी आईला म्हटलं, "जाऊ?" तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कोण जाणे. मी हो धरलं.

कालवांचे खडक खाजणाच्या पलीकडच्या अंगाला होते. जायची वाट बांधावरून, लांबून वळसा घालून. मावशी, चंद्री आणि मी खडकावर बसलो होतो. कोयत्याची टोकं टकटक वाजत होती. तिथून आमचं घर सरळ समोर दिसायचं, मध्ये फक्त उघडा पडलेला गाळ. पायरीवर आईचा हिरवा ठिपका दिसत होता. मी दर थोड्या वेळानं मान वर करून तो बघत होते. एकदा बघितलं तर बांधावरून एक माणूस आमच्या घराकडे चाललेला, डोक्याला फेटा. त्या गावात फेटा कोण बांधणार? मामाच. माझ्या मनात आलं, तो आला म्हणजे आता उठवेल तिला, बोईसरकडे जाणारा ट्रक कुठला तरी असेल, आणि मी वळसा घालून पोचेपर्यंत पायरी रिकामी असेल. मी हातातलं भांडं टाकलं आणि सरळ समोर धावत सुटले. मागून मावशी ओरडल्या, "थितना नको! पोरी, थितना नको!" मला ऐकू आलं होतं. पण त्याच गाळावरून निवटे, म्हणजे गाळात राहणारे बोटभर मासे, किती सुखानं उड्या मारत जातात, बगळे चालतात, हे मी रोज बघत होते. जे त्यांना धरतं ते मला का धरणार नाही, एवढाच विचार होता. की तोही नव्हता? आता सांगता येत नाही.

सुरुवातीला घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. वरचा गाळ उन्हानं कोमट होता आणि खालचा थंडगार, आणि तो थंडपणा पायाला धरून खाली ओढत होता. एक पाय काढायला जोर लावला की दुसरा आणखी खोल जायचा. बघता बघता मी मांड्यांपर्यंत रुतले आणि थांबले. आजूबाजूला निवटे डोळे वर काढून माझ्याकडे बघत होते. मग दोन्ही काठांवरून ओरडा सुरू झाला. कुणी म्हणे, "हलू नको!" कुणी म्हणे, "पाय काढ, पाय काढत ऱ्हा!" चंद्री किंचाळत होती, "निजून जा, निजून जा!" आणि मला वाटलं, ती वेडी झाली आहे. निजायची ही वेळ आहे का? मी आबांची मुलगी होते. मी ताठ उभी राहिले. जितकी ताठ उभी राहिले तितकी खाली गेले. लांब, खाजणाच्या तोंडाशी, पाण्याची एक बारीक चकचकीत रेघ दिसायला लागली होती. ओहोटी संपली होती.

मी घराकडे बघितलं, तर पायरीवर आई नव्हती. ती गाळात होती. बोचकं बाजूला टाकून ती थेट माझ्या दिशेनं येत होती, हिरव्या लुगड्याचा ओचा वर न करता, खाली न बघता, रस्त्यावरून चालावं तशी. तिला हा गाळ माहीत नव्हता. एवढ्या दिवसांत तिनं खाजणात पाऊलही टाकलं नव्हतं. "आई, येऊ नको!" मी ओरडले. ती येतच राहिली. गुडघ्यापर्यंत गेली, मांडीपर्यंत गेली, तरी अंगानं पुढे रेटत राहिली. मग माझ्यापासून दोन-तीन हातांवर तिचं पाऊल उचलेना. तिनं एकदा जोर लावला, दोनदा लावला. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. मग तिनं जोर लावणं सोडून दिलं. माझ्याकडे बघितलं, आणि ती आडवी झाली. पडली नाही. घरात भिंतीकडे तोंड करून निजायची ना, अगदी तशी, एका कुशीवर, गाल गाळाला टेकवून, हळूच आडवी झाली. फरक एवढाच की तोंड माझ्याकडे होतं.

मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला आज इतक्या वर्षांनीसुद्धा हात थांबतो. मला वाटलं, संपलं. ती इथंही अंथरूण धरून बसली. मला भयंकर राग आला. "ऊठ ना!" मी तिच्यावर किंचाळले, "आई, ऊठ!" ती उठली नाही. डोळे उघडे होते. एक हात अंगाखाली होता, दुसरा तिनं गाळावरून माझ्याकडे सरकवला आणि तसाच ठेवला. तो हात मला बोलावत होता की नुसता पडला होता, मला कळेना. पण तो घ्यायचा तर मला वाकावं लागत होतं. मी वाकले, पोचले नाही, आणखी वाकले, आणि तोंडावर पडले. नाकातोंडात गाळ गेला. हात मात्र सापडला. आणि मग, कुणी काही न करता, माझे पाय खालून हळूहळू सैल व्हायला लागले. आईचेही सुटलेले मला दिसत होते. हिरवं लुगडं गाळावर पानासारखं पसरलं होतं आणि ती त्यावर तरंगल्यासारखी होती. आम्ही दोघी तशाच हातात हात धरून पडून राहिलो. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. कानाशी गाळातले बुडबुडे बारीक फुटत होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि मला आठवतं, त्या सगळ्या गोंधळात मला एकदम फार शांत वाटलं. भीती कुठं गेली ते मला माहीत नाही.

मग काठावरच्या लोकांनी होड्यांच्या फळ्या गाळावर टाकल्या. मावशी वळसा घालून धापा टाकत येऊन पोचल्या होत्या. त्या आणि आणखी दोन बायका फळ्यांवर पालथ्या पडून सरकत आल्या आणि आम्हाला ओढत काठावर घेऊन गेल्या. पाणी मागोमाग आलंच. थोड्याच वेळात आम्ही रुतलो होतो तिथं सपाट, निवांत पाणी पसरलं होतं, त्याखाली काही आहे असं वाटू नये इतकं. फेटेवाला माणूसही काठावरच्या गर्दीत उभा होता. तो मामा नव्हताच. कारखान्यावर कामाला आलेला कुणी मराठवाड्याकडचा माणूस होता, खोली शोधत आला होता, आणि हा काय प्रकार चालला आहे ते त्याला कुणी सांगेना.

मावशी मला एकदम मारायलाच उठल्या आणि मग एकदम रडायलाच लागल्या. "आमी वरडतो त ऐकाला नको? आँ? कान फुटले हायेत?" विहिरीपाशी आम्हाला बसवून बादलीमागून बादली ओतत होत्या. आईच्या केसांतून, कानांतून गाळ निघत होता. ती पाणी अंगावर घेत बसली होती. मी कापत होते. तिनं हात पुढे केला, माझ्या वेणीचा शेवट धरला, बघितला आणि म्हणाली, "आन् रिबन कुटं गेली?" मी म्हटलं, "गाळात." "एक गेली का दोनी?" "दोन्ही." "वा गं वा," ती म्हणाली, "परवाच्या दिवाळीची रिबन." आणि तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. कित्येक महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती. मी रडायला लागले. मावशींना वाटलं मला लागलं.

तात्यामामा उशिरा आला. बघतो तर बहीण मावशींचं जुनं पातळ गुंडाळून चुलीपाशी बसलेली, आणि हिरवं लुगडं दोरीवर. त्याला आधी काही उमगेना. मग त्यानं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आक्का, आता एक घटकाबी इथं ऱ्हायाचं न्हाई. चल." आई म्हणाली, "लुगडं वाळू दे." आबाही तोवर आले होते. त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. ते दारात उभे राहिले, आधी मला, मग आईला बघितलं, हातातली करवतही खाली ठेवायची त्यांना सुचेना. त्या संध्याकाळी त्यांनी मला काही विचारलं नाही. चहा निवला. आईनं कालवांचं कालवण मावशींच्या हाताखाली उभं राहून केलं, मीठ जास्त पडलं, आणि सगळ्यांनी ते संपवलं.

खाऱ्या पाण्यात भिजलेलं कापड लवकर वाळत नाही. वाळलंसं वाटतं आणि हवेत जरा ओल आली की पुन्हा दमट होतं. मामा सकाळी दोरीपाशी जाऊन लुगड्याला हात लावायचा. "वाळलं की गं." आई जाऊन हात लावायची आणि म्हणायची, "दमट हाय." असं दोनदा-तीनदा झालं. गोड्या पाण्यात खळबळलं असतं तर तासाभरात वाळलं असतं, हे तिलाही कळत होतं आणि मामालाही. शेवटी त्याची रानातली कामं खोळंबली होती, तो एकटाच परत गेला. जाताना आबांना म्हणाला, "दाजी, मला काय कळंना झालंय." आबा म्हणाले, "मला तरी कुटं कळतंय?" बाप असं उघड बोलल्याचं मी ते पहिल्यांदा ऐकलं.

आई त्या दिवसापासून बरी झाली, असं मला लिहिता आलं असतं तर हे प्रकरण सोपं झालं असतं. तसं झालं नाही. ती उठून सडा घालायची, दोन दिवस घालायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. मग पुन्हा उठायची. पण मला आता तिच्या पडून राहण्याची पूर्वीसारखी भीती वाटेनाशी झाली. ती पडली की मी भाकऱ्या थापायची, ती उठली की मी खेळायला जायची. गावात मात्र त्या प्रसंगाची गोष्ट झाली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी. मावशी सांगायच्या, माणदेशातली बाय, पण गाळाची रीत तिला बरोबर उमगली, आडवी झाली म्हणून पोर वाचली. कुणी म्हणायचं, ती जीव द्यायलाच गेली होती, पोरीचं निमित्त. आबा पुढे कधीतरी पुन्हा आपल्या मूळ पदावर आले आणि पाहुण्यांना सांगायला लागले की आईची माया बघा, निसर्गात गाय वासरासाठी वाघावरही जाते. आई तिथंच बसून ऐकायची. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही. मला तर प्रत्येकाचंच सांगणं खरं वाटायचं, ज्या दिवशी ऐकलं त्या दिवसापुरतं.

मी आता सरावलीला मुलाकडे राहते. खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आई मात्र खूप जगली, शेवटची वर्षं माझ्याजवळच होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिला लांबचं दिसायला लागलं आणि ती दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची. एका दुपारी आम्ही दोघी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मला अचानक वाटलं, आत्ता विचारलं नाही तर राहूनच जाईल. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण दोन्ही उत्तरांची मला भीती होती. तुला वाचवायला आडवी झाले, असं ती म्हणाली असती तर मी तिच्यावर किंचाळले होते त्याचं काय करायचं? आणि मरायला आडवी झाले, असं म्हणाली असती तर मग त्या पुढे आलेल्या हाताचं काय करायचं?

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी खाजणात तू आडवी का गं झालीस?"

तिनं वालाचं साल बोटांनी दाबून काढलं, डाळिंबी टोपल्यात टाकली. आणखी दोन-चार वाल सोलले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाली, "दमले हुते."

"दमली होतीस?"

"मग? तुझ्यापातूर आले ते काय थोडं हुतं?" ती जरा चिडूनच म्हणाली. "आन् बसाया जागा कुटं हुती तितं?"